सातव्या परिच्छेदातली चूल

शालन टाइप करते असं म्हणणं चूक आहे. ती कीबोर्डला मारते. कोर्टाच्या मागच्या गल्लीत तिचा सहा बाय आठचा गाळा आहे आणि त्याच्या दारात उभा राहून मी गेली एकोणीस वर्षं हा मार ऐकतो आहे. ती हाताच्या मशीनवर शिकली. त्या मशीनवर अक्षर उमटवायचं तर बोटाने ठोसा द्यावा लागायचा, आणि तीन कार्बन घातलेले असले तर तो चौथ्या कागदापर्यंत पोहोचावा लागायचा. मशीन गेलं, कार्बन गेले, कॉम्प्युटर आला, ठोसा मात्र राहिला. तिच्याकडे कीबोर्ड चार-पाच महिन्यांच्या वर जगत नाही. दुकानदार एकदा धीर करून म्हणाला, “मॅडम, हळू दाबलं तरी अक्षर येतं.”

“येत असेल,” शालन म्हणाली. “मला खात्री वाटत नाही.”

मी यज्ञेश्वर आगाशे, वकील, वय त्रेसष्ट. मी तापट आहे असं लोक म्हणतात आणि या बाबतीत लोकांचं फारसं चुकत नाही. माझ्याकडे बहुतेक केसेस नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांच्या. बाई येते, शालनसमोरच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसते, सांगते. शालन लिहिते. मी मागे उभा राहून कलमं घालतो आणि शेवटी सही ठोकतो. माझा वाटा एवढाच, पण पाटी माझ्या नावाची आहे.

शालन मूळची परांड्याकडची. आता पन्नाशीची आहे, बिबवेवाडीत एका खोलीत एकटी राहते. बावीस वर्षांची असताना नवऱ्याने तिचं डोकं धरून हौदात बुडवलं होतं. तिसऱ्यांदा डोकं वर आलं तेव्हा तिच्या हाताला कपडे धुवायचं धोपटणं लागलं. त्याचे पुढचे दोन दात आणि तिचा संसार एकाच फटक्यात पडले, असं ती सांगते. दुसऱ्या दिवशी ती पुण्याच्या एसटीत बसली. “अर्ज करायचा असतो हे मला कुठं ठाऊक होतं तेव्हा? धोपटणं ठाऊक होतं.”

आणि मग अठ्ठावीस वर्षं तिने दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. तिच्या दहा बोटांतून काय काय गेलं ते मोजायला मी बसणार नाही, मला रात्रीची झोप लागते तेवढी पुरे. लाथ, कमरेचा पट्टा, गरम इस्त्री, मिक्सरचं भांडं, हेल्मेट, केसाला धरून तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यापर्यंत ओढत नेणं. बाई सांगता सांगता थांबली की शालन मान वर न करता विचारायची, “कशाने मारलं? वस्तू सांग. कोणत्या हातात होती, कुठे लागली. ‘खूप मारलं’ लिहून भागत नाही. कोर्टाला वस्तू लागते.” बाई रडायला लागली की ती पाण्याची बाटली पुढे सरकवायची आणि तोवर टाइप झालेल्या ओळीत काना-मात्रा तपासायची. निर्दय वाटायचं. पण तिच्या अर्जांवर ऑर्डर मिळायची.

तीन वर्षांपूर्वी तिच्या हातून चहाचा ग्लास पडला. कोणाच्याही हातून पडतो. मग दुसऱ्या दिवशी पडला, आणि चौथ्या दिवशी माझ्या पांढऱ्या शर्टावर पडला तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती ओरडली नाही. उजवा हात हवेत झटकत उभी राहिली, थर्मामीटर झटकतात तसा.

“मुंग्या येतात,” ती म्हणाली. “अंगठा आणि ही दोन बोटं. पहाटे पहाटे तर आग होते नुसती. उठून हात लोंबता सोडून बसते.”

तिला मीच डॉक्टरकडे नेलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. त्यांनी मनगटाला तारा लावून करंटचे झटके देऊन बघितलं. मग समजावून सांगितलं की मनगटात हाडांच्या मधून एक अरुंद बोळ जातो, कार्पल टनेल, त्यातून हाताची मुख्य नस जाते, ती आवळली गेली आहे. म्हणून अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट बधिर होतं. करंगळी वाचते, कारण तिची नस वेगळ्या वाटेने येते.

“टायपिंग कमी करा,” डॉक्टर म्हणाले. “दिवसाला किती करता?”

“बायका जेवढ्या मार खातात तेवढं,” शालन म्हणाली.

डॉक्टर बिचारे चांगले होते. त्यांनी हसून घेतलं आणि कागदावर लिहून दिलं. रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपायचं, म्हणजे हात झोपेत दुमडत नाही. कीबोर्ड खाली घ्यायचा, मनगट सरळ ठेवायचं, टेबलाच्या कडेवर टेकवायचं नाही. अर्ध्या तासाने पाच मिनिटं थांबायचं. कळा हलक्या हाताने दाबायच्या. एवढं करून नाही थांबलं तर इंजेक्शन, आणि तेही नाही चाललं तर छोटं ऑपरेशन, त्यानंतर काही आठवडे टायपिंग बंद.

ती सगळं करून बघायला तयार झाली, एक सोडून. हलक्या हाताने दाबणं तिला जमलं नाही. टेबलाला सुताराकडून खाली खण करून घेऊन कीबोर्ड मांडीच्या उंचीवर आणला. निळा पट्टा रात्री तर बांधलाच, दिवसाही बांधायला लागली. इंजेक्शन घेतलं, सहा महिने बरं गेलं. अर्ध्या तासाने ती खरोखर थांबायची, समोर एखादी बाई सासऱ्याने हात कुठे घातला ते सांगत असली तरी. “थांब,” ती म्हणायची, “माझी पाच मिनिटं झाली,” आणि मनगटं गोल गोल फिरवत बसायची. त्या बाईचा चेहरा मला बघवायचा नाही.

कोणीतरी सुचवलं, फोनला तोंडी सांगा, तो लिहितो. तेही करून बघितलं. पण फोनला स्पष्ट आणि मोठ्याने सांगावं लागतं, आणि गाळ्याला दार नाही. बाहेर झेरॉक्सची रांग, पलीकडे वडापावची गाडी. पहिल्याच बाईने “त्याने मला लाथ” एवढं म्हटलं आणि रांगेतली चार डोकी वळली. ती बाई उठून चालायला लागली. शालनने फोन पिशवीत टाकला. तिच्यापुढे बायका कुजबुजत बोलतात, आणि कुजबुज फक्त तिलाच कळते.

मग तिने तिसरा मार्ग काढला. इथूनच पुढचं सगळं घडलं.

लोणी काळभोरची एक गोदाबाई माझी अशील होती. नवऱ्याने चुलीतलं जळतं लाकूड काढून तिच्या उजव्या मांडीला लावलं होतं. शालनने गोदाबाईचा अर्ज लिहिला तेव्हा शालनचे हात धड होते. असा अर्ज मी दुसरा पाहिला नाही. एकेक परिच्छेद खिळा ठोकल्यासारखा. गोदाबाईला अक्षरओळख नव्हती, पण अंगठा करण्याआधी तिने तो तीनदा वाचून घेतला. “पुन्यांदा वाचा,” ती म्हणायची. “त्यो डाव्या हातानं मारीत न्हाय, उजवा हाय त्येचा. दुरुस्त करा.” शालनने दुरुस्त केलं. ऑर्डर एका तारखेत मिळाली.

तो अर्ज शालनच्या कॉम्प्युटरमध्ये ‘गोदा’ नावाने होता. हात बिघडल्यावर ती नवा अर्ज कोऱ्या पानावर सुरू करेनाशी झाली. ‘गोदा’ उघडायची, नाव बदलायची, पत्ता बदलायचा, तारखा, मुलांची नावं, मारायची वस्तू. जिथे जुळेल तिथे जुनं ठेवायचं. गल्लीतले सगळेच टायपिस्ट असं करतात. आठ पानांचा अर्ज दोन पानांच्या मेहनतीत होऊ लागला, नसेला आराम पडला, रात्रीची आग कमी झाली. मी खूश होतो. मी तर तिला म्हणालो, हे आधीच का नाही सुचलं.

प्रत्येक अर्जाच्या तळाशी एक ओळ असते: सदर अर्जातील मजकूर मला वाचून दाखवला असून तो खरा व बरोबर आहे. ही ओळ कधीच वेगळी टाइप करावी लागत नाही, ती ‘गोदा’तच आहे. खरोखर वाचून दाखवलेली शेवटची बाई गोदाबाईच. अंगठेवाले तीनदा विचारतात आणि शिकलेले न वाचता सही करतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. मी स्वतः शिकलेला आहे.

फेब्रुवारीत अपेक्षा आली. कर्वेनगरला फ्लॅट, तिसरा मजला, एका कंपनीच्या हिशेबखात्यात नोकरी, सहा वर्षांची मुलगी ओवी. नवरा सुदर्शन आयटीत. गोरा, गोड बोलणारा, सोसायटीच्या गणपतीत आरतीला पुढे उभा राहणारा. हा माणूस प्रेशर कुकरच्या झाकणाने मारायचा. वाफेचं गरम झाकण, हाताला टॉवेल गुंडाळून. तिच्या डाव्या खांद्यावर गोल कड उठलेली होती. शालनने ती बघितली आणि म्हणाली, “टॉवेल गुंडाळायचं सुचतं म्हणजे राग नाही हा. सवय आहे.”

अर्ज त्याच दिवशी साडेचारच्या आत द्यायचा होता. अपेक्षा ऑफिसातून खोटं सांगून आली होती. त्या दिवशी शालनने सकाळपासून तीन अर्ज केले होते आणि तिचा हात मनगटापासून मेलेला होता. तिने ‘गोदा’ उघडली. नाव, पत्ता, तारखा, ओवी, कुकरचं झाकण, खांदा. दर दोन मिनिटांनी हात झटकत होती. प्रिंट निघाल्या, मी पान उलटून दाखवत गेलो, “इथे सही, इथे, आणि इथे,” आणि अपेक्षाने केल्या. मीही केली. खिडकी बंद व्हायला चार मिनिटं होती आणि आम्ही तिघं धावलो.

नोटीस मिळाल्यावर सुदर्शन बारा दिवस गायीसारखा वागला. त्याच्या वकिलानेच पढवलं असणार. ओवीची शाळा, ओवीचा बाप, ओवीचं घर, यासाठी अपेक्षा तिथेच राहिली होती. ऑर्डर मिळाली की त्याला घराबाहेर काढायचं आणि तिच्या अंगाला हात लावायची बंदी घालायची, एवढंच आमचं मागणं होतं. तेराव्या दिवशी तारीख लागली.

त्याचा वकील उठला. तरुण होता, बुटांना पॉलिश भरपूर. म्हणाला, मला अर्जदाराला एकच प्रश्न विचारायचाय. सातवा परिच्छेद. “‘गैरअर्जदाराने चुलीतले जळते लाकूड काढून माझ्या उजव्या मांडीस लावले.’ मॅडम, कर्वेनगरच्या तिसऱ्या मजल्यावर आपली चूल कोणत्या खोलीत आहे?”

कोर्टात हसू पसरलं. मी हातातली प्रत उलटली. सातवा परिच्छेद. गोदाबाईचा. तो बदलायचा राहून गेला होता आणि मी त्याखाली सही केली होती.

अपेक्षा खोटं बोलू शकली असती. तिने माझ्याकडे बघितलं, मग समोर बघून म्हणाली, “चूल नाही. असं झालं नाही.”

“म्हणजे हे खोटं?”

“हे खोटं आहे. बाकीचं खरं आहे.”

“कोणतं बाकीचं?” तो म्हणाला आणि बसला.

न्यायाधीश बाईंनी प्रतिज्ञापत्रातली तळाची ओळ मोठ्याने वाचली, ‘मजकूर मला वाचून दाखवला असून’, आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. त्या दिवशी ऑर्डर मिळाली नाही, पुढची तारीख महिन्याने पडली. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. मला त्या तरुण वकिलाची मान धरून आपटावीशी वाटत होती, पण आपटायला हवी होती ती माझी.

मी बाहेर येऊन अपेक्षाला काहीतरी कायदेशीर बडबड ऐकवली, दुरुस्ती अर्ज करू, अपील करू. तिला ओवीला शाळेतून आणायचं होतं. ती रिक्षात बसून गेली.

गाळ्यात पोहोचलो तर सुदर्शन माझ्या आधी तिथे. हातात पेढ्यांचा पुडा. आपल्याकडे निकाल लागला की पेढे वाटतात, तसे त्याने शालनसमोर ठेवले. “घ्या ताई,” तो म्हणाला. “आपल्यामुळे जमलं. चूल फार छान लिहिलीत.”

“कसली चूल?” शालनने मला विचारलं. मी सांगितलं नाही. तिने स्वतः फाइल उघडली, खाली खाली नेली, आणि सातव्या परिच्छेदावर थांबली. मग टेबलावरचं लोखंडी पंचिंग मशीन उचललं आणि त्याच्या तोंडावर फेकायला हात मागे नेला. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा हात असता तर त्या दिवशी अजून दोन दात पडले असते. पण बोटांनी ते धरलंच नाही. मशीन तिच्या पाठीमागे जमिनीवर पडलं आणि हात रिकामाच पुढे आला.

सुदर्शन हसला. “काळजी घ्या हातांची,” म्हणाला आणि गेला.

शालनने तोच हात टेबलाच्या कडेवर आपटला. एकदा, दोनदा, पाचदा. मी धरायला गेलो तर मला कोपराने ढकललं. बोटांच्या पेरांतून रक्त आलं. “लागत पण नाही मेल्याला!” ती ओरडत होती. “बघा, लागत पण नाही!” मग एकदम थांबली. “आगाशे, तिला घरी जाऊ देऊ नका.”

“ती गेली,” मी म्हणालो.

मी फोन केला. तिने उचलला, म्हणाली, ओवीचा डबा धुते आहे, तो अजून आला नाही, आला तर मी बोलते त्याच्याशी. मी म्हणालो, दार लावून घ्या. बाष्कळपणा! दाराची किल्ली त्याच्याकडेही होती.

तो सातला आला. पुढचं मला अपेक्षाने रुग्णालयातल्या खाटेवरून सांगितलं, छताकडे बघत, आवाज न चढवता. त्याने आधी ओवीला टीव्ही लावून दिला. मग स्वयंपाकघराचं दार आतून लावलं, गॅस पेटवला आणि सांडशी ज्योतीवर धरली. “आपल्याकडे चूल नाही,” तो म्हणाला. “गॅस चालेल का कोर्टाला?” त्याने तिला ओट्याशी दाबून धरलं. अर्ज खोटा नको ठरायला, म्हणाला. आणि कागदात होतं तिथेच, उजव्या मांडीला, ती सांडशी लावली. तिची किंकाळी ऐकून ओवीने टीव्ही बंद केला नाही, आवाजही कमी केला नाही. सरळ शेजारच्यांची बेल दाबायला गेली आणि ते दार उघडेपर्यंत बोट काढलं नाही.

पोलिसांनी त्याला रात्री उचलला. गुन्हा दाखल झाला. पण अशा माणसांना जामीन मिळतो, आज नाही तर उद्या, आणि सुटला की तो कुठे येणार हे सांगायला वकील लागत नाही. जामीन सुनावणी सोमवारी होती. तो बाहेर पडायच्या आधी त्याला घरात पाऊल टाकायची बंदी आम्हाला हवी होती. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता अपेक्षा कुबडी घेऊन गल्लीत आली.

“मी पलीकडच्या टायपिस्टला सांगतो,” मी म्हणालो. “हिच्या हातांचं आता खरं नाही.”

“मी परत नव्या माणसाला हे सांगणार नाही,” अपेक्षा म्हणाली. “एकदाच सांगीन. यांनाच.”

शालनने पट्टा काढला आणि बाजूला ठेवला. पेरांवर खपल्या होत्या. ती म्हणाली, “चूक माझी होती. यांचीही होती, पण आधी माझी. हात दुखू नये म्हणून मी तुझ्या अर्जात दुसरीचा मार ठेवला. तुला मला मारावंसं वाटत असेल तर मार. नाहीतर बस.”

अपेक्षा बसली. स्टुलावर नीट बसता येत नव्हतं, एक पाय सरळ पुढे ठेवून बसली.

शालनने कोरं पान उघडलं. डाव्या हाताचीही आता उजव्यासारखीच गत होती. अंगठा, पहिलं आणि मधलं बोट कामाचं नव्हतं, कुठल्या कळेवर पडतंय तेच कळत नव्हतं. तिने ती तिन्ही बोटं तळहातात मुडपली आणि अनामिका न् करंगळीने टाइप करायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या वाटेच्या नसेवर. एकोणीस वर्षं ऐकलेला तो मार त्या दिवशी ऐकू आला नाही. एक टक. मग बराच वेळाने दुसरी टक. करंगळीला ठोसा देता येत नाही.

पहिल्या पानाला एक तास गेला. मी दोनदा म्हणालो, निदान नाव-पत्त्याचा भाग जुन्यातून घे. तिने ऐकलं नाही. अर्ध्या तासाने ती थांबलीही नाही. घाम नाकावरून कीबोर्डवर पडत होता, अधूनमधून दात आवळून ती हात झटकायची आणि पुन्हा करंगळी लावायची. अपेक्षा कुजबुजत होती. कुकरचं झाकण, टॉवेल, खांदा, मग बाथरूमच्या दारात चिरडलेली बोटं, मग लग्नानंतरचा पहिला दिवाळसण आणि पहिली कानफटात. बाहेर झेरॉक्सची रांग होती आणि एकालाही काही ऐकू गेलं नाही.

अडीच वाजता सातवा परिच्छेद आला. योगायोगाने सातवाच. अपेक्षाने शालनचा हात बघितला, मुठीसारखा वळलेला, थरथरणारा.

“ताई, राहू द्या,” ती म्हणाली. “हे जुन्यातून घ्या ना. तसंच आहे. मांडीसुद्धा तीच.”

“गप बस,” शालन म्हणाली. “वस्तू सांग.”

“सांडशी.”

“कोणत्या हातात होती?”

“उजव्या.”

“डाव्या हाताने काय केलं?”

अपेक्षाने सांगितलं. शालनने एकेक अक्षर लिहिलं. मी गल्लीत जाऊन उभा राहिलो.

साडेतीनला अर्ज झाला. प्रिंट काढल्या आणि मी सवयीने म्हणालो, इथे सही. शालनने माझ्या हातातून कागद ओढून घेतले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, हळू आवाजात, फक्त तिला. अपेक्षाने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. दोन्ही केल्या. सगळं वाचून झाल्यावरच शालनने तळाची ती ओळ टाइप केली, मजकूर मला वाचून दाखवला असून तो खरा व बरोबर आहे. सव्वाचारला अर्ज आत गेला. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, आज धावत नाही आलात?

सोमवारी सकाळी तोच तरुण वकील उभा राहिला. त्याने दोन्ही अर्ज शेजारी धरले होते. “मॅडम, सातवा परिच्छेद पुन्हा तोच आहे. तीच मांडी, तोच प्रकार. फक्त लाकडाच्या जागी सांडशी. ही मागच्या खोट्या अर्जाची सरळ नक्कल आहे.”

मी रुग्णालयाचा दाखला पुढे केला. “नक्कल आहे, मॅडम,” मी म्हणालो. “पण ती आम्ही केली नाही. मागचा अर्ज यांच्या अशिलाने इथे कोर्टात ऐकला, आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन नक्कल केली. जळाल्याची तारीख बघा. ती मागच्या अर्जानंतरची आहे.”

कोर्टात कोणी हसलं नाही. ऑर्डर दुपारी मिळाली. घरात पाऊल टाकायचं नाही, शाळेच्या फाटकाशी जायचं नाही, फोन करायचा नाही.

मी ती घेऊन शालनकडे गेलो. तिला त्याच सकाळी ऑपरेशनला घेतलं होतं. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत उशीवर उंच ठेवलेला, बोटांची टोकं तेवढी बाहेर. डॉक्टर म्हणाले होते, नस फार दिवस आवळलेली होती, किती जीव परत येईल सांगता येत नाही. शेजारच्या खुर्चीत अपेक्षा बसली होती, पाय सरळ पुढे ठेवून.

“मिळाली,” मी म्हणालो आणि कागद हलवून दाखवला. “सगळं मिळालं. सगळं मान्य.”

शालनने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“वाचलीत का?”

“वाचली ना. म्हणजे... शेवटचं पान.”

तिने बाहेर आलेल्या बोटांपैकी करंगळी तेवढी हलवली आणि दुसऱ्या खुर्चीकडे दाखवलं. मी बसलो, चष्मा लावला आणि त्या दोघींना पहिल्या पानापासून वाचून दाखवायला लागलो.